उन्हाळ्यातील प्रवास आणि सरपटणारे प्राणी
(सुरत येथील कतारगाममध्ये मराठी भाषिक रहिवासी, शिक्षक आणि वाहतूक व्यावसायिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मे महिन्यात शाळांना सुट्या लागल्या की कतारगाम, वेड रोड, उधना, लिंबायत या भागांतील कित्येक मराठी कुटुंबांची गावी जाण्याची लगबग सुरू होते. कोणी नंदुरबारला निघतो, कोणी अमळनेरला, कोणी जळगाव-भुसावळकडे. सुरत-भुसावळ मार्गावरील गाड्यांना त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. वळकट्या, पाण्याच्या बाटल्या, नातेवाइकांसाठी घेतलेले कापड, या सामानातच कधीकधी प्लॅस्टिकचे एक छोटे घमेले असते आणि त्यात हिरवट पाठीचे, कानाशी तांबडा पट्टा असलेले एक कासव असते. मुलांनी हट्टाने घेतलेले असते. महिनाभर घर बंद राहणार, म्हणून बरोबर घेतलेले असते. घमेल्यावर झाकण घट्ट बसवून ते बाकाखाली सरकवले जाते. गाडी नंदुरबार ओलांडून खानदेशच्या उन्हात शिरते आणि गावी पोहोचल्यावर झाकण उघडावे तो कासवाने मान टाकलेली असते. घरातली मोठी माणसे म्हणतात, त्याला प्रवास सोसला नाही. वस्तुतः प्रवासाने त्या प्राण्याचे काही बिघडलेले नसते. त्याचा जीव जातो तो डब्यामुळे.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर कसे चालते ते प्रथम पाहिले पाहिजे. माणूस, गाय, कुत्रा यांचे शरीर आपली उष्णता स्वतः राखते. बाहेर थंडी असो वा ऊन, आतील तापमान जवळपास एकच राहते. उष्मा वाढला की माणसाला घाम येतो, कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. साप, सरडा, कासव, मगर यांना ही सोय नाही. त्यांना घाम येत नाही. त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर वरखाली होते आणि ते योग्य पातळीवर ठेवण्याचा त्यांच्याजवळ मुख्यतः एकच उपाय असतो, तो म्हणजे जागा बदलणे. सकाळी सरडा कुंपणावर ऊन खात बसतो, दुपारी पाल्याखाली जातो. साप बिळात शिरतो. कासव झुडपाच्या बुडाशी माती उकरून बसते किंवा पाण्यात बुडी मारते. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी रानात एकही सरडा दिसत नाही, याचे कारण हेच.

आता अशा प्राण्याला डब्यात घातल्यावर त्याच्याजवळचा हा एकमेव उपाय आपण काढून घेतो. डबा तापला की तो तापतो. बहुतेक सरपटणारे प्राणी पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुखाने प्रवास करू शकतात. पस्तीस अंशांच्या पुढे धोका सुरू होतो आणि शरीराचे तापमान चाळिशीच्या पलीकडे गेले की त्यांपैकी बहुतेकांचा शेवट जवळ येतो. शिवाय शरीर तापले की प्राणवायूची गरजही वाढते. दर दहा अंशांमागे ती सुमारे दुप्पट ते तिप्पट होते. म्हणजे बंद बरणीतील हवा जेव्हा सर्वांत अपुरी असते, तेव्हाच प्राण्याला ती सर्वांत अधिक हवी असते. पिल्लांच्या बाबतीत तर हे सारे अधिकच वेगाने घडते, कारण लहान शरीर मोठ्या शरीरापेक्षा लवकर तापते.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचेच उदाहरण घ्यावे. काचा बंद असल्या की आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी आणि अर्ध्या तासात अठरा-एकोणीस अंशांनी वाढते. बाहेर छत्तीस अंश असताना चालकाने चहा घेण्यासाठी गाडी थांबवली, तर त्याचा पेला संपण्यापूर्वी आतील कासवाच्या सहनशक्तीची मर्यादा संपलेली असू शकते. स्कूटरच्या बैठकीखालची डिकी याहून वाईट, कारण तिला वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. लांब पल्ल्याच्या खाजगी बसची सामानाची डिकी, मालमोटारीच्या ताडपत्रीखालची वरची थप्पी, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलेली पिशवी, या सर्व जागा जिवंत प्राण्यासाठी वर्ज्य समजल्या पाहिजेत.

मात्र डबा कसा भरावा याआधी दुसरा एक प्रश्न येतो, आणि तो पुष्कळांना गैरसोयीचा वाटतो. हा प्राणी आपल्याजवळ असावा काय आणि तो कोठे पाठविता येतो काय?

आपल्या देशातील कासवे, घोरपड, मांडूळ आणि साप हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. ते पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असणारे, स्टार कासव या नावाने बाजारात ओळखले जाणारे कासव घरात ठेवल्याने भरभराट होते, अशी एक समजूत शहरांतून पसरलेली आहे. मांडुळाविषयी तर याहून भलत्या कथा सांगितल्या जातात आणि त्यांपायी खेड्यांतील कित्येक तरुण तुरुंगापर्यंत जाऊन पोहोचले आहेत. स्टार कासव आता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 2022 च्या सुधारणेनंतर, जी 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्याच जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही 2019 मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या परिषदेत सर्वांत कडक बंधन घालण्यात आले. ज्या कुटुंबाजवळ असे कासव असेल त्याने ते गावी नेण्याचा, नातेवाइकाकडे पाठविण्याचा किंवा रात्री तापीच्या काठी सोडून येण्याचा विचार करू नये. जवळच्या वन कार्यालयास कळवावे. स्टार कासव हे कोरड्या गवताळ रानातले आहे, त्याला पोहता येत नाही. नदीत सोडलेले असे कासव बुडून मरते आणि सोडणाऱ्यास मात्र पुण्य लाभल्याचे समाधान मिळते.

परदेशी प्राण्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. काही अजगर, इग्वाना, परदेशी सरडे व कासवे पाळणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढत आहे. यांतील ज्या जाती आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्टांत आहेत, त्या 2022 च्या सुधारणेने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आहेत. त्या बाळगणाऱ्यांनी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र शासनाच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते आणि पुढे जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांची माहितीही द्यावयाची असते. म्हणजे असा प्राणी एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठविताना डब्यापूर्वी कागद तयार हवा. लाल कानाचे जे कासव मत्स्यालयाच्या दुकानांतून विकले जाते ते मूळचे अमेरिकेतील. तेही नदी-तळ्यात सोडणे योग्य नाही. ते खादाड व चिवट आहे, आपल्या पाण्यातील कासवांचे अन्न व जागा बळकावते.

येथे उपस्थित असलेल्या वाहतूक व्यावसायिकांनी कलम 48 अ विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. वन्य प्राणी वाहतुकीसाठी स्वीकारण्यापूर्वी, त्याला मुख्य वन्यजीव रक्षक किंवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी यांची परवानगी आहे की नाही याची खात्री करून घेण्याची जबाबदारी ते कलम स्वीकारणाऱ्यावरच टाकते. पार्सलात काय आहे ते ठाऊक नव्हते, एवढे म्हणून चालक किंवा कचेरीतील कारकून मोकळा होत नाही. कतारगामचा हिरा आंगडियाच्या हाती मुंबईस जातो, पुडीत बांधला की त्याला ऊन, वारा, उशीर यांची पर्वा नसते. त्याच सवयीने कोणी हालचाल करणारे पार्सल सोपवू लागला तर ते घेऊ नये, हे उत्तम. टपालाचा मार्गही खुला नाही. जागतिक टपाल संघाच्या नियमांत मधमाश्या, जळवा, रेशमाचे किडे अशा मोजक्या जिवांना सवलत आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा त्यांत समावेश नाही.

कायद्याकडे पाठ फिरवून जी वाहतूक चालते ती कशी असते, याचे एक चित्र 3 मार्च 2019 रोजी फिलिपाइन्समधील मनिला विमानतळावर दिसले. हाँगकाँगहून आलेल्या एका प्रवाशाने टाकून दिलेल्या चार बॅगांमधून 1,529 कासवे निघाली. त्यांत स्टार कासवेही होती. कपडे व इतर सामान यांच्यामध्ये ती चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलेली होती. कासवाच्या बरगड्या त्याच्या कवचाशीच जोडलेल्या असतात, त्यामुळे आपल्याप्रमाणे छाती फुगवून त्याला श्वास घेता येत नाही. पायांच्या आसपासचे व कवचाच्या आतील स्नायू हलवून ते फुप्फुसात हवा ओढते. पाय आत दाबून वर पट्टी आवळणे म्हणजे त्याच्या श्वासावरच गाठ मारणे होय. त्यात बॅगेतील कोंडमारा आणि उष्मा यांची भर पडली म्हणजे काय होत असेल, ते सांगावयास नको.

याच जातीच्या कासवांचा दुसरा एक प्रवास मात्र वेगळा झाला. नोव्हेंबर 2018 मध्ये सिंगापूरमध्ये पकडली गेलेली एक्कावन्न स्टार कासवे तेथील व भारतातील वन्यजीव संस्था आणि कर्नाटक वन विभाग यांच्या सहकार्याने विमानाने बंगळुरूस परत आणण्यात आली. आणि गुजरातमधलेच उदाहरण हवे असेल तर जामनगरचे आहे. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत, जी 1976 मध्ये स्थापन झाली, मगरींची संख्या फार वाढली होती. तेथील एक हजार मगरी जामनगरच्या प्राणी केंद्रात हलविण्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मंजुरी दिली आणि 2022-23 या काळात त्या टप्प्याटप्प्याने नेण्यात आल्या. देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम टोकापर्यंतचा हा रस्त्याचा प्रवास. त्यासाठी लाकडी पेट्या आणि तापमान नियंत्रित ठेवणारी वाहने वापरली गेली. एवढी बलदंड, जाड कातडीची मगर. पण तिलाही उन्हात उघड्या मालमोटारीतून नेण्याचे धाडस जाणत्यांनी केले नाही.

जुन्या लोकांना हे ज्ञान नव्हते असे मात्र समजू नये. तमिळनाडूतील इरुळा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या साप पकडीत आले. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि प्रतिसर्पविषासाठी लागणारे विष काढण्याचे काम ती शासनाच्या परवानगीने करते. तेथे साप मातीच्या मडक्यांत ठेवतात, तोंडाला सुती कापड बांधतात, काही आठवड्यांत ठराविक वेळा विष काढून झाले की साप पुन्हा रानात सोडतात. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीच्या वेळी नाग मडक्यांतच ठेवीत असत; पुढे न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या त्या प्रथेवर बंधन आले. दोन ठिकाणे एकमेकांपासून इतकी दूर, पण दोन्हीकडे मडकेच का? कारण न भाजलेल्या नव्हे, पण झिलई न दिलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने बाहेरून भिजवलेल्या मडक्यातला साप थंड राहतो. कापडातून हवा येते, आत अंधार असतो आणि अंधारात साप शांत बसतो. प्लॅस्टिकच्या बरणीत यांपैकी एकही गुण नाही.

तथापि ओल्या मडक्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा उपाय सर्वत्र सारखा चालत नाही, आणि खानदेशातून सुरतेस आलेल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जळगावकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते. तापमान बेचाळीस अंश आणि हवेतील आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या कापडाने तापमान सुमारे बावीस अंशांपर्यंत उतरू शकते. सुरतेला समुद्र जवळ. येथे छत्तीस अंश तापमान व साठ टक्के आर्द्रता असताना तेच ओले कापड एकोणतीस अंशांच्या खाली जाऊ शकत नाही, आणि हवा खेळती नसेल तर तेवढेही नाही. म्हणून गावाकडे कूलर जसा गारवा देतो तसा तो येथे देत नाही. वाळा लावलेल्या खिडकीचेही तेच. सुरतेहून निघणाऱ्या डब्याने केवळ ओल्या फडक्यावर विसंबू नये.

ज्याला कायदेशीर रीतीने, कागदपत्रांसह प्राणी न्यावयाचाच आहे, त्याने आधी वेळ निवडावी. सुरतेस मे महिन्यात रात्रीचे किमान तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास असते. हे सरपटणाऱ्या प्राण्यास सोसवते. म्हणून सूर्यास्तानंतर निघून दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या आत पोहोचणारा प्रवास निवडावा. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. जनावराला चार दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. साप आठवडाभर उपाशी राहिला तरी चालते, किंबहुना प्रवासापूर्वी पाच-सात दिवस त्याला खाऊ घालूच नये, कारण पोटात भक्ष्य असताना हादरे बसले की तो ते ओकतो आणि बंद डब्यात त्याचा त्रास होतो. कासवाला मात्र निघण्यापूर्वी उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावे, म्हणजे ते पाणी पिऊन घेते.

डबा दुपदरी असावा. आतला कप्पा लहान, बाहेरचा भक्कम व उष्णतारोधक. थर्मोकोलची जाड पेटी, तिच्या बाहेर लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके, ही व्यवस्था स्वस्त आहे व चांगली काम देते. हवेची भोके बाजूंना, समोरासमोर असावीत. केवळ झाकणाला भोके पाडली तर वर दुसरे सामान ठेवले जाताच ती बंद होतात. साप असेल तर तो सुती पिशवीत, शिवण बाहेरच्या बाजूस ठेवून, म्हणजे सुटलेल्या दोऱ्यात तो अडकणार नाही. विषारी सापाची वाहतूक ही केवळ अधिकृत संस्थांनी करावयाची गोष्ट आहे. तिच्यात दुहेरी पिशवी, कुलूप आणि स्पष्ट सूचनापत्र यांना पर्याय नाही. पाण्यातील कासव पाण्यात घालून नेऊ नये. हिंदकळणाऱ्या पाण्यात ते दमते, पाणी तापते, घाण होते. ओलसर कापडावर ते तासन्‌तास चांगले राहते. कप्पा फार मोठा घेण्याचा मोहही टाळावा. मोकळी जागा आपल्याला दयाळूपणाची वाटते, पण गाडीच्या प्रत्येक धक्क्याला प्राणी त्या मोकळ्या जागेत आपटत असतो. त्याला बसता येईल, वळता येईल, एवढे पुरे. उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे चोळामोळा केलेले तुकडे भरावेत.

बर्फाच्या बाबतीत पुष्कळ चुका होतात. उकाडा आहे म्हणून कासवाशेजारी बर्फाची पिशवी ठेवली जाते. तिचा अंगाला स्पर्श झाला की तेवढा भाग गारठून इजा होते, आणि बर्फ वितळून पाणी साचते ते निराळेच. गोठवलेली पाण्याची बाटली वापरावी. पण ती वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून, आतल्या कप्प्याच्या बाहेर, थर्मोकोलच्या भिंतीशी बसवावी. थंड हवा खाली उतरते, म्हणून ती वरच्या बाजूस बांधली तर अधिक उपयोग होतो. तार बाहेर काढता येईल असे तापमान दाखविणारे छोटे यंत्र दुकानांत सहज मिळते. त्याचा आतला टोकाचा भाग प्राण्याजवळ ठेवला की झाकण न उघडता आतले तापमान कळते. काटा बत्तीसवर गेला की उपाय सुरू करावा. पस्तीसची वाट पाहू नये. खोक्यावर आत काय आहे, कोठून कोठे चालले आहे, कोणती बाजू वर ठेवावयाची, आणि उन्हात ठेवू नये, हे मोठ्या अक्षरांत मराठी, गुजराती व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहावे. हमालाला आत जीव आहे हे कळले तर तो बहुधा जपूनच उचलतो. त्याला ते सांगितलेच जात नाही, ही अडचण आहे. रेल्वेने न्यावयाचे असल्यास डब्यात काय चालते आणि पार्सल म्हणून काय घेतात, हे आधी स्टेशनावरील पार्सल कचेरीत विचारून घ्यावे, ऐन वेळी फलाटावर वाद घालण्यात डबा उन्हातच राहतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घेतला तर फार उपयोग होईल, आणि त्यासाठी कोणत्याही प्राण्याची गरज नाही. एक रिकामी प्लॅस्टिकची बरणी, एक ओले केलेले मडके, एक थर्मोकोलची पेटी आणि एक पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. चौघांत चार तापमापके ठेवावीत. अर्धा तास पटांगणातील उन्हात, अर्धा तास व्हरांड्यातील सावलीत, दर पाच मिनिटांनी मुलांनी आकडे फळ्यावर लिहावेत. कोणत्या भांड्यात आपण स्वतः बसणे पसंत करू, असे शेवटी विचारावे. सुरतेच्या शाळेतील आकडे आणि चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या शाळेतील आकडे पत्राने एकमेकांना कळविले तर कोरड्या व दमट हवेतील फरक पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

आता राहता राहिले ते घरात किंवा कारखान्यात निघणारे साप. उन्हाळ्यात गारव्याच्या व पाण्याच्या शोधात साप न्हाणीघरात, कूलरखाली, कारखान्यातील मालाच्या थप्पीत येतात. कोणीतरी धाडसी तरुण त्याला चिमट्याने उचलतो, शीतपेयाच्या बाटलीत कोंबतो, झाकणाला खिळ्याने दोन भोके पाडतो आणि दुपारभर मित्रांना दाखवीत मोटारसायकलवर हिंडतो. संध्याकाळपर्यंत साप मेलेला असतो. आणि तोवर त्या तरुणाचा हात दहा वेळा धोक्यात आलेला असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख नसणाऱ्याने साप पकडू नये, हे सांगून झालेले आहे, तरी पुन्हा सांगणे भाग आहे. दुरून नजर ठेवावी, मुलांना व जनावरांना दूर करावे आणि मदत बोलवावी. गुजरातमध्ये पशु-पक्ष्यांच्या मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926. दंश झालाच तर 108 वर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अनुभवी सर्पमित्र पकडलेला साप सुती पिशवीत, सावलीत ठेवतात, वन विभागाला कळवितात आणि शक्य तितक्या लवकर, सापडला त्याच परिसरातील योग्य ठिकाणी, संध्याकाळच्या गारव्यात सोडतात. साप दूर नेऊन सोडणे हे त्याच्या हिताचे नसते. अनोळखी मुलखात त्याला ना बीळ ठाऊक, ना पाणी.

प्रवासात प्राण्याला उष्णता बाधली आहे हे ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत, पण स्पष्ट आहेत. आधी तो अस्वस्थ होऊन डब्याच्या भिंतींवर चढू पाहतो. मग तोंड उघडे ठेवतो, कासवाच्या तोंडाशी फेस येतो. त्यानंतर अंग सैल पडते, आणि ही शांतता पाहून डबा नेणाऱ्याला वाटते की प्राणी आता स्थिरावला. पहिली खूण दिसताच गाडी सावलीत उभी करून डबा खाली घ्यावा, हवा खेळती करावी. कासवाला किंवा सरड्याला साध्या, न गार न गरम अशा पाण्याने हळूहळू ओले करावे, डोके पाण्याबाहेर राहील एवढे सांभाळावे. बर्फाचे पाणी एकदम ओतू नये. तोंडात बळेच पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. साप निपचित दिसला तरी त्याला हात लावू नये. मेलेल्या सापाचाही दंश होऊ शकतो. शुद्धीवर आल्यासारखा वाटला तरी प्राणी पशुवैद्यकाला दाखवावा.

मुक्कामी पोहोचल्यावर डबा अंगणात, पाहुण्यांच्या घोळक्यात उघडू नये. खोलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर तो अर्धा तास तसाच ठेवावा आणि मग दार लावून उघडावा. कासवाला उथळ कोमट पाण्यात बसवावे, मात्र त्या दिवशी खाऊ घालण्याची घाई करू नये. मुलांना दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबवावे. परवान्याचे व नोंदणीचे कागद डब्याबरोबर आलेले असतील ते काढून वेगळे ठेवावेत. परतीच्या प्रवासात ते पुन्हा लागतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भुसावळहून सुरतेकडे येताना खानदेशातील ऊन मे महिन्याइतकेच कडक असते.